चाल कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मे महिन्यात आमच्या माधवनगरच्या घरी नातू येतो. मुलगी पुण्याला असते. शाळेला सुट्टी लागली की हे चिरंजीव सांगली स्टेशनवर उतरतात, पाठीवर भली मोठी पिशवी, आणि त्या पिशवीत कपड्यांच्याही आधी ठेवलेला व्हिडिओ गेम. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी कविता लिहिणारा माणूस. दुपारी जेवल्यावर घटकाभर आडवं व्हायची सवय. गेल्या सुट्टीत असाच आतल्या खोलीत पडलो होतो आणि बाहेरच्या खोलीत याचा गेम चालू होता. डोळे मिटता येतात, कान थोडेच मिटता येतात?

ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. खेळ एकच होता. धपाधप हाणामारीचा आवाज तोच होता. पण मागचं संगीत दर दोन-तीन मिनिटांनी पार पालटत होतं. एकदा लष्करी बँड वाजावा तसं, एकदा गिटारीचा गोंगाट, एकदा अगदी संथ, संध्याकाळच्या पेटीसारखं. मी आतूनच ओरडलो, "अरे, किती वेळा कॅसेट बदलतोस?"

आजकालच्या पोराला कॅसेट म्हणजे काय ते कुठलं ठाऊक असायला! पण प्रश्नाचा मतलब त्याला कळला. म्हणाला, "नाना, गेम एकच आहे. गाणी पाहुण्यांची आहेत."

गाणी पाहुण्यांची! झोप गेली ती गेलीच. मी उठून त्याच्याशेजारी जाऊन बसलो. त्या दुपारी नवाच मास्तर मिळाला आणि मी विद्यार्थी झालो. तिथे जे शिकलो ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि त्यातून माझी एक जुनी चूक मला कशी सापडली, तेही.

आधी खेळाविषयी. त्याचं नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं तो १९९९ साली काढला. मासाहिरो साकुराई हे त्याचे दिग्दर्शक. यात लढणारे गडी या खेळासाठी नव्यानं घडवलेले नाहीत. ते दुसऱ्या खेळांतले नायक आहेत. कुणी पाइपांत शिरणारा मिशीवाला मारिओ, कुणी राजकन्येसाठी तलवार घेऊन निघालेला वीर, कुणी अंतराळातली लढवय्यी. प्रत्येकाचं घर वेगळं, गोष्ट वेगळी. या खेळात ते सगळे एका मैदानात उतरतात. पहिल्या खेपेला बारा जण होते. २०१८ साली 'अल्टिमेट' नावाची आवृत्ती आली, त्यात पुढच्या दोन-तीन वर्षांत भर पडत ऐंशीच्या वर गडी जमले. आणि सुरावटी किती? आठशेहून अधिक.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं. कुणी कोल्हापूरच्या तालमीतला, कुणी सांगलीच्या, कुणी पलीकडे बेळगावकडचा. लाल माती सर्वांना एकच. हलगीही सर्वांना एकच. या जपानी मैदानात मात्र प्रत्येक पैलवान आपली हलगी आणि आपला हलगीवाला सोबत घेऊन येतो. ज्याच्या गावात कुस्ती, त्याच्या गावची हलगी.

नातवानं मला त्या खेळातली सुरावटींची यादी उघडून दाखवली. ती मालिकेनुसार लावलेली आहे. ज्या घरातून सुरावट आली त्या घराखाली ती मांडलेली, आणि प्रत्येक घराला त्याचं एक चिन्ह. मारिओच्या घराला एक, झेल्डाच्या घराला दुसरं. पाहुणी आली खरी, पण येताना आपलं नाव-गाव घेऊन आली. माझ्या मनात ही गोष्ट कुठेतरी टोचली. का टोचली, ते शेवटी सांगतो.

पाहुणी सुरावट काय काय करू शकते, याचं एक उदाहरण मला फार आवडलं. जपानमध्ये १९९० साली 'फायर एम्ब्लेम' नावाचा खेळ आला. बुद्धिबळासारखा, पटावर सैन्य हलवायचा. त्याचा नायक मार्थ नावाचा राजपुत्र. संगीत युका त्सुजियोको या बाईंचं. जपानमध्ये त्याचे एकामागून एक भाग निघत राहिले, पण जपानबाहेर त्यातला एकही विकायला गेला नव्हता. २००१ साली 'स्मॅश'चा दुसरा भाग आला. त्यात या घरातले दोन वीर पाहुणे म्हणून आले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या घरची सुरावटही आली, मोठ्या वाद्यवृंदात वाजवलेली. अमेरिका, युरोपातल्या पोरांनी ती ऐकली आणि विचारलं, हे कोण बुवा? यांची गोष्ट काय? पाहुण्याबद्दलचं ते कुतूहल इतकं वाढलं की २००३ साली कंपनीनं त्या मालिकेचा खेळ प्रथमच जपानबाहेर आणला. म्हणजे त्या पोरांपर्यंत आधी सुरावट पोचली, मग गोष्ट. गाणं पुढे आलं आणि घराची वाट दाखवून गेलं.

उलटही घडतं. 'फायनल फँटसी' या मालिकेतला १९९७ सालचा सातवा भाग जगभर गाजला. नोबुओ उएमात्सु यांच्या त्यातल्या संगीताचे लाखो चाहते. त्या खेळाचा नायक २०१५ च्या डिसेंबरात 'स्मॅश'मध्ये पाहुणा आला. पण त्याच्यासोबत सुरावटी आल्या फक्त दोन. घर दुसऱ्या कंपनीचं, मालकी तिची. २०१८ च्या आवृत्तीतही आधी त्या दोनच होत्या. २०२० च्या डिसेंबरात त्या घरातला दुसरा गडी आला, तेव्हा कुठे आणखी काही आल्या. लग्नाला सगळं गोत बोलवावं आणि एका घरानं दोघांनाच धाडावं, तशातला प्रकार. नातवानं हे अगदी दुखऱ्या स्वरात सांगितलं, जणू त्याच्या घरचाच मानपान.

आता एक गंमत. हे सारं ऐकता ऐकता मला माझ्या भाच्याची आठवण झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे एसटी थांब्याजवळ एका टपरीवजा खोलीत व्हिडिओ गेमची दोन मशीनं आली होती. रुपयाचं नाणं टाकायचं आणि दांडके हलवत उभं राहायचं. 'किंग ऑफ फायटर्स' नावाच्या खेळाची तेव्हा गावोगावी धूम होती, विशेषतः १९९७ सालच्या भागाची. भाचा शाळा बुडवून तिथे पडीक. बहिणीच्या सांगण्यावरून मी एकदोनदा त्याला कानाला धरून बाहेर काढलं आहे. त्या खोलीतला कर्कश आवाज म्हणजे मला नुसती कटकट वाटायची.

तो भाचा आज कुवेतमध्ये नोकरी करतो. त्या सुट्टीत त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नातवाचा खेळ चालूच होता. भाचा एकदम गप्प झाला. म्हणाला, "मामू, आवाज जरा वाढवायला सांगा." आणि चाळिशीतला हा गृहस्थ, मिशीला पांढरे केस आलेला, मान डोलवत सुरावट गुणगुणू लागला. "ही एसाका आहे मामू! टपरीतली!"

मग दोघांनी मिळून मला वंशावळ सांगितली. एसएनके नावाच्या जपानी कंपनीनं १९९१ साली 'फेटल फ्युरी' नावाचा मारामारीचा खेळ काढला, १९९२ साली 'आर्ट ऑफ फायटिंग' काढला. १९९४ साली या दोन्ही घरांतले गडी, आणि आणखी काही, एकत्र आणून 'किंग ऑफ फायटर्स' उभा केला. त्यात एक मुलगी होती, अथिना. ती 'सायको सोल्जर' या जुन्या खेळातून आलेली. त्या जुन्या खेळात मशीनमधून चक्क गाणारा आवाज यायचा, त्या काळी ही फारच नवलाची गोष्ट. नव्या खेळात अथिना आली ती त्याच गाण्याची चाल घेऊन. म्हणजे टपरीतला तो खेळ मुळातच पाहुण्यांचा मेळा होता, आणि त्या मेळ्यातला टेरी नावाचा लाल टोपीवाला पुढे २०१९ च्या नोव्हेंबरात 'स्मॅश'मध्ये पाहुणा गेला. जाताना एसएनकेच्या घरच्या पन्नास सुरावटी घेऊन गेला. माझ्या भाच्याच्या टपरीतलं संगीत वीस-बावीस वर्षांनी माझ्या नातवाच्या हातातल्या पाटीवर वाजत होतं.

'एसाका' हे नाव कशाचं, तेही भाच्यानं सांगितलं. ओसाकाजवळच्या एका भागाचं. या कंपनीची कचेरी तिथे होती. सुरावटीचं नावच पत्ता! आपल्याकडे मुलतानी राग आहे, जौनपुरी आहे. गाव मागे राहिलं तरी नावात शिल्लक. आमच्यातले शायर नावापुढे गाव लावतात, तसं.

आता तुम्ही म्हणाल, कवीमहाराज, हे जपानी पुराण आम्हाला कशाला? तर मंडळी, आपण सांगलीकर आहोत. एका घरची चाल दुसऱ्या घरी नेऊन बसवण्याची कला आपल्याला कुणी शिकवायला नको.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' उभं केलं. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं, तेव्हा त्यांच्यासमोर कुठे तयार नाट्यसंगीत होतं? त्यांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावणीच्या चाली घेतल्या, कर्नाटकातल्या घेतल्या, आणि कालिदासाच्या शकुंतलेच्या तोंडी घातल्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या आपल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे किर्लोस्करांच्याच परंपरेतले. त्यांची 'शारदा' १८९९ सालची. आणि सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' १९११ च्या मार्चमध्ये रंगभूमीवर आलं, त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. त्या चालींमागे पूरबेकडची ठुमरी आहे, दादरा आहे, कजरी आहे. लखनौ-बनारसच्या बैठकीतला तो नखरा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला, तो मराठी पदांच्या रूपानं. ज्यांनी जन्मात बनारस पाहिलं नाही, ज्यांना मूळ ठुमरी कधी ऐकायला मिळाली नसती, त्यांनी तिचा मुखडा नाटकात ऐकला. अमेरिकेतल्या पोरांनी मार्थची गोष्ट कळायच्या आधी त्याची सुरावट ऐकली, त्यातलाच हा प्रकार. फक्त आपण तो नव्वद वर्षं आधी केला.

आणि चाल एकाच दिशेनं प्रवास करत नाही. आमच्यापासून जवळ मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या नावानं गाणं होतं, ते ऐकायला मी लहानपणापासून जातो. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत 'मानापमाना'तलं पदही आहे. उत्तरेचा उस्ताद मिरजेत राहतो आणि मराठी नाटकातलं पद आपल्या अंगानं गातो. आता यात पाहुणा कोण आणि यजमान कोण, ज्यानं त्यानं ठरवावं.

चाल दुसऱ्या घरी गेली की तिला थोडं बदलावं लागतं. ठुमरी बैठकीत तासभर रेंगाळू शकते, एकेका शब्दाला दहा प्रकारे वळवू शकते. नाटकात तेवढी सवड नसते. पुढचा प्रवेश खोळंबलेला असतो. शिवाय ब्रजभाषेतले मऊ शब्द काढून तिथे मराठीची जोडाक्षरं बसवायची, म्हणजे चालीला जरा ताठ कणा द्यावा लागतो. मुखडा तेवढा जपायचा, बाकीचं अंगाला बेतून घ्यायचं.

या खेळांतही तेच होतं. जुन्या जपानी मशीनला एका वेळी पाचच आवाज काढता यायचे. दोन सूर धरणारे, एक खर्ज सांभाळणारा, एक नुसता खरखराट, जो ताल म्हणून वापरायचे, आणि पाचवा आधी ध्वनिमुद्रित केलेल्या छोट्याशा तुकड्याचा. एवढ्या तुटपुंज्या साहित्यात त्या संगीतकारांनी चाली केल्या, म्हणून त्या ठसठशीत झाल्या. मिरवायला जागाच नव्हती. पुढे त्याच चाली पाहुण्या म्हणून मोठ्या मैदानात आल्या, तेव्हा त्यांना वाद्यवृंद मिळाला, गिटारी मिळाल्या. ज्या खेळात माणूस एकटा सावकाश हिंडतो, त्यातली संथ चाल लढाईसाठी चढ्या लयीत घेतली. आणि एक खुबी अशी की, तिला शेवट ठेवत नाहीत. लढत कधी निकाली होईल ते कुणाला ठाऊक? म्हणून चाल फिरून फिरून पहिल्या जागी येते. हलगीवाला कुस्ती चितपट होईपर्यंत थांबत नाही ना, तसं. किंवा जात्यासारखं म्हणा.

जात्याचा विषय निघाला, तेव्हा आता माझ्या चुकीकडे येतो.

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक तुम्ही उघडून पाहिलं असेल. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. मोठमोठ्या नाटककारांना त्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या शेजारी भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक अण्णा होते. त्यांच्या वहीत अभंगाच्या वर लिहिलेलं असायचं, 'चाल :' आणि पुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे शब्द. आमच्या घरात अम्माची उर्दूतली वही होती, मिलादच्या वेळी म्हणायच्या नातांची. तिच्यात वरच्या कोपऱ्यात असायचं, 'तर्ज :' आणि पुढे सिनेमाच्या गाण्याचे शब्द. एकदा दोन्हीकडे एकाच गाण्याची चाल निघाली. संध्याकाळी भिंतीच्या अलीकडे अम्माच्या मैत्रिणींचा सराव, पलीकडे अण्णांचं भजन. मध्येच दोघांच्या ध्यानात आलं. आधी दोन्हीकडे शांतता आणि मग दोन्हीकडे हसू. त्या गाण्याचा संगीतकार ऐकत असता तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे. पण दोन्ही वह्यांत त्याच्या गाण्याचं नाव होतं, एवढं खरं.

आता १९८९ साल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कविता नुकत्या छापून येऊ लागलेल्या, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. एका स्थानिक मंडळाच्या कार्यक्रमासाठी मला गाणं लिहायला सांगितलं. मी लिहिलं आणि चालही मीच दिली. मुलींनी ते छान म्हटलं, टाळ्या पडल्या, 'वन्स मोअर' झाला. मंडळाची स्मरणिका छापायला चालली होती. कार्यकर्त्यानं विचारलं, "गीत तुमचं. चाल कुणाची लिहू?"

मी म्हणालो, "लिहा, चाल : स्वतंत्र."

ती स्वतंत्र नव्हती. ती अम्माची होती. माझ्या लहानपणी गावात पिठाची गिरण होती, पण डाळ भरडायला घरोघर जातं असायचंच. आमच्या जात्यावर अम्मा आणि गल्लीतल्या एक काकी समोरासमोर बसायच्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. काकी मराठीतून ओवी म्हणायच्या, अम्मा दखनीतून. जात्यावरच्या दखनी गाण्यांना 'चक्कीनामा' म्हणतात. विजापूरच्या सूफींच्या परंपरेतले चक्कीनामे तीनशे वर्षांहून जुने आहेत. दोघींचे शब्द निराळे, देव निराळे, पण चाल एकच. निराळी होणार तरी कशी? जात्याचा फेरा एकच होता ना! ती चाल ऐकत मी तिथेच कांबळ्यावर झोपायचो. गाणं लिहायला बसलो तेव्हा शब्दांच्या आधी तीच आली.

मग मी 'स्वतंत्र' का लिहायला सांगितलं? पहिलं कारण, मोठेपणाची हौस. जात्यावरची चाल म्हटलं की गावंढळ वाटेल, ही भीती. दुसरं कारण बोलायला जड जातं, पण आज बोलतो. मला मराठी कवी म्हणवून घ्यायचं होतं. चाल दखनीतून आली असं लिहिलं तर कुणीतरी म्हणेल, बघा, हे काही आपलं नाही. कुणी तसं म्हणालं नव्हतं. म्हणणारही नव्हतं कदाचित. मी आधीच घाबरून अम्माचं नाव गाळून टाकलं.

स्मरणिका घरी आणली. अम्माला उर्दू वाचता यायचं, मराठी बोलता यायचं, पण वाचता यायचं नाही. तिनं पान हातानं पुसलं, जणू त्यावर धूळ होती, आणि म्हणाली, सगळं वाचून दाखव. मी गाणं वाचलं. तिनं बोट वरच्या ओळीवर ठेवलं. "उप्पर क्या लिख्या?"

मी वाचलं, "चाल : स्वतंत्र."

"स्वतंत्र म्हणजे?"

"म्हणजे... कुणाची नाही. नवी."

"अच्छा," एवढंच ती म्हणाली आणि स्मरणिका पेटीत ठेवून दिली.

त्यानंतर ती चाल तिच्या तोंडून मी फारशी ऐकली नाही. जातंही तोवर अडगळीत गेलं होतं, त्यामुळे असेल. मी स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. पण तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना ती बाकीचं सगळं गुणगुणायची.

पुढे पुष्कळ वर्षांनी, ती थकल्यावर, मी धीर करून विषय काढला. म्हणालो, "अम्मा, ती चाल तुझी होती. मी चुकलो." ती हसली. म्हणाली, "मेरी कां की रे? वो तो काकी की." काकी तोवर गेलेल्या होत्या. त्यांचं माहेर जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीलगत. तिथून ती चाल त्यांच्यासोबत सासरी आली असणार, आणि त्यांच्या आजीनं ती कानडीत म्हटली असेल की मराठीत, काय सांगावं? अम्माही आता नाही.

चाल उसनी घेणं म्हणजे चोरी, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. उसनी घेतली नसती तर आपलं नाट्यसंगीत उभं राहिलं नसतं, आणि जपानच्या एका राजपुत्राची गोष्ट जपानातच राहिली असती. चाल ही माहेरवाशिणीसारखी, जाईल तिथलं घर उजळते. पण ती कुठल्या घरची हे सांगायला हवं. त्या खेळातल्या कंपन्यांना कायद्याचा धाक आहे, करार आहेत, मालक दोनच सुरावटी देतो म्हटला तर दोनच मिळतात. जात्यावरच्या चालीला मालक नाही, करार नाही. तिच्यासाठी कुणी कोर्टात जाणार नाही. म्हणून तर तिचं नाव घेणं हे निव्वळ आपल्या इमानावर आहे. तेवढंच तिचं भाडं, आणि मी ते बुडवलं.

गेल्या सुट्टीत, त्या यादीची सारी चिन्हं बघून झाल्यावर, मी अम्माची पेटी उघडून ती स्मरणिका काढली आणि नातवाला ही हकिकत सांगितली. त्याला गाण्यात फारसा रस नव्हता. त्यानं एकच विचारलं, "मग नाना, याचं चिन्ह कुठलं?" मी म्हणालो, जातं. त्यानं जातं पाहिलेलं नव्हतं. मागच्या पडवीत न्यायला लागलं. दगडाच्या दोन पाळ्या उचलायला जातात का ते त्यानं बघितलं, खुंट्याच्या भोकात बोट घातलं, आणि येऊन पेन्सिलीनं त्या पानावर एक छोटं जातं काढलं. मी 'स्वतंत्र' हा शब्द खोडला.

श्रोतेहो, त्या कार्यक्रमाला हजर असलेलं कुणी आज हे ऐकत असेल, ती स्मरणिका कुणाच्या कपाटात असेल, तर कृपा करून आपल्या प्रतीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी. चाल : जात्यावरची. एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला अम्मा.